डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र ट्रंकेत ठेवू नका

अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच फौज आहे, पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परतलेली माणसं गावोगावी भेटतात. त्यातल्या बऱ्याच घरांत रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानाच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाचं, डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याचं एक जुनं पत्र पडून असतं. त्यावर इंग्रजीत ‘नीदर अॅट्रिब्यूटेबल टू नॉर अॅग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’ असं लिहिलेलं असतं. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. हे निवृत्तीच्या वेळच्या (रिलीज) मेडिकल बोर्डाचं मत आहे आणि त्यावर दाद मागता येते.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. ते एसीएफए या पहिल्या अपिलाच्या समितीपुढे जातं. तिथेही नकार आला तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं अपील एसएसीपी या दुसऱ्या अपिलाच्या समितीकडे. अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. या टप्प्याला वकील लागत नाही. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा दाखवून घ्या आणि पोचपावती जपा. ती फार महत्त्वाची, कारण सशस्त्र सेना न्यायाधिकरण पहिल्यांदा हेच विचारतं की खात्यातले मार्ग वापरले का. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही तर न्यायाधिकरणाचा दरवाजा आपोआप उघडतो आणि तिथून पुढे आणखी सहा महिन्यांची मुदत मिळते. पोचपावती नसेल तर हे महिने मोजायचे कुठून?

त्याआधी कागद हवेत. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ‘माझे सर्व वैद्यकीय कागद द्यावेत’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. एकेक कागद नावाने मागा: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, मधल्या काळात मेडिकल कॅटेगरी (वैद्यकीय श्रेणी) खाली आली असेल तर त्या प्रत्येक बोर्डाची प्रत आणि कुठल्या साली कुठे पोस्टिंग होतं त्याचा तक्ता. मार लागला असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागदही. बोर्डाचं फक्त शेवटचं पान आलं तर स्वस्थ बसू नका, कारण मताला दिलेली कारणं आणि कमांडिंग ऑफिसरचं निवेदन आतल्या पानांवर असतं.

आता भरतीचा फॉर्म आणि रिलीज बोर्ड शेजारी शेजारी ठेवून वाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात जे सांगितलं, त्यावर अशी बहुतेक प्रकरणं उभी राहतात. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुढे झालेला आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खात्याची, आणि संशयाचा फायदा जवानाला. हा आजार भरतीच्या तपासणीत का सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. प्रत्यक्षात ‘पीस स्टेशनवर (म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरू झाला’ किंवा ‘कॉन्स्टिट्यूशनल’ (म्हणजे मुळात शरीराच्या घडणीतलाच) एवढ्यावरच भागवलेलं दिसतं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या कागदांत तर फारच. अपिलात नेमकी हीच ओळ उद्धृत करा आणि त्या आधीची फील्ड किंवा उंचावरच्या भागातली पोस्टिंग तारखांसह मांडा. बर्फात काढलेली दोन वर्षं पीस स्टेशनला आल्यावर शरीरातून पुसली जात नाहीत, हे लिहायला संकोच नको.

काही प्रकरणं मात्र खरोखर कमकुवत असतात. सुट्टीवर गावी असताना स्वतःच्या कामासाठी जाताना मोटारसायकल घसरली, तर नोकरीशी संबंध दाखवणं फार अवघड. युनिटमधून घरी येण्या-जाण्याच्या अधिकृत प्रवासातला अपघात वेगळा धरला जातो. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचं अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली असेल तर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आशा थोडी. आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलं असेल, म्हणजे ‘इनव्हॅलिड आउट’, तर 2014 चा सुखविंदर सिंग निकाल उपयोगी पडतो.

टक्केवारीचा हिशोब बारकाईने करा, कारण इथे लोक मागायचंच विसरतात. 100 टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, शेवटच्या हिशोबी वेतनाच्या 30 टक्के. वेतन 40,000 धरलं तर 12,000 रुपये. 20 टक्क्यांना 2,400. पण राउंडिंग ऑफ लागू झालं की 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरलं जातं आणि रक्कम 6,000 होते. 50 ते 75 असेल तर 75, आणि त्यावर 100. महागाई सवलत वेगळी. राम अवतार प्रकरणातल्या 10 डिसेंबर 2014 च्या निकालाने हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. म्हणून ज्यांना आधीपासून 20 किंवा 30 टक्क्यांनी पेन्शन मिळते आहे, त्यांनीही पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून टक्केवारी पाहावी.

21 सप्टेंबर 2023 पासून नवे एंटायटलमेंट (पात्रतेचे) नियम आले आहेत आणि त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा प्रकार आहे. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी वरचे निकाल जसेच्या तसे आपल्याला लागतील असं धरू नये. त्यांनी या कामातला वकील आधी गाठावा.

न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या खंडपीठात मूळ अर्ज दाखल होतो. स्वतः उभं राहता येतं, तरी या टप्प्याला वकील असलेला बरा. अर्जाला डिस्चार्ज बुक, पीपीओ, बोर्डाची कार्यवाही, नकाराची सगळी पत्रं आणि अपिलांच्या प्रती जोडा. मागणीत डिसॅबिलिटी एलिमेंट, राउंडिंग ऑफ, थकबाकी आणि व्याज ही चारही स्वतंत्र लिहा. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज लागतो. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होत असल्याने तो बऱ्याचदा मंजूर होतो, मात्र 2008 च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. निवृत्तीला दहा वर्षं झाली असतील तर सात वर्षांची रक्कम गेलेलीच आहे, आणि अर्ज आणखी लांबवला तर दर महिन्याला मागचा एक महिना त्यात जमा होतो.