तुम्ही विचारलंत म्हणून: कापडाच्या मिलमध्ये काय दळतात?

सोलापुरात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो: जिथे सूत काततात आणि कापड विणतात, त्या जागेला मिल का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे, कारण या शब्दाचा मूळ अर्थ दळण्याचाच आहे. लॅटिनमध्ये ‘मोलेरे’ म्हणजे दळणे आणि ‘मोला’ म्हणजे जात्याचा दगड. दाढेला इंग्रजीत मोलर म्हणतात तेही याच मुळावरून, कारण दाढही दळतेच.

माझ्या मते प्रश्नाचे उत्तर पाणचक्कीच्या चाकात आहे. चाकाच्या आसाला उंचवटे बसवले की फिरताना ते लाकडी हातोडे उचलतात आणि सोडून देतात. ही युक्ती वापरून बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड ओल्यानेच कुटून घट्ट करू लागले. तिथे दळण नव्हते, पण चाक तेच होते, म्हणून त्या जागेलाही लोक मिलच म्हणाले. लाकूड कापण्याच्या आणि कागदाच्या जागांचेही तसेच झाले. रिचर्ड आर्कराइट या इंग्रज कारखानदाराने १७७१ साली इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डला सूतकताईचा कारखाना काढला, तोही पाण्याच्याच चाकावर, आणि तेव्हा हे नाव आयते तयार होते. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, निघाली तोवर पाण्याची जागा वाफेने घेतली होती. नाव मात्र तेच राहिले.

आपल्याकडे यंत्रमागाच्या शेडला कोणी मिल म्हणत नाही, कारखानाच म्हणतात, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. मराठीने मात्र गिरणी हा एकच शब्द पिठाच्या आणि कापडाच्या, दोन्ही ठिकाणी चालवला. लहानपणी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत जात असे. गिरणीवाला पडते पीठ चिमटीत धरून पाहायचा आणि दगड जरा आवळायचा, आणि घरी आणलेला डबा तळाशी अजून कोमट असायचा. त्याच वेळी वडीलही गिरणीतून घरी येत, केसांत कापसाचे तंतू घेऊन. ‘गिरणीत गेलेत’ आणि ‘गिरणीत जाऊन ये’ ही दोन्ही वाक्ये आई रोज म्हणे, आणि कोणती गिरणी, असे घरात कधी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.