जुन्या कॅम्परबसचं इंजिन: नवख्या मालकाने आधी काय शिकावं

जुनी फोक्सवॅगन कॅम्परबस घरी आली की नव्या मालकाचा हात आधी रंगाकडे आणि पडद्यांकडे जातो. तो आवरावा. मागच्या झाकणाखाली बसलेलं चार सिलिंडरचं इंजिन हवेवर थंड होतं. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही, आणि बहुतेक बसमध्ये तापमानाचा काटाही नाही. इंजिन तापायला लागलं तर ते सांगणारं कोणी नसतं. त्यामुळे या गाडीची देखभाल म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी: ऑइल, टॅपेट (वाल्व उघडणाऱ्या यंत्रणेत ठेवलेली बारीक फट) आणि पंख्याची हवा. पण त्या तिन्हींच्या आधी पेट्रोलच्या नळ्या.

कोणत्याही जुन्या बसला पहिली चावी लावण्याआधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला. जुन्या नळीवर कापडी वेष्टन असतं. ते वरून ठीक दिसतं आणि आतलं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते आणखी लवकर जातं. नळी दोन बोटांत धरून वाकवा; तडे दिसले किंवा बोटाला पेट्रोलचा वास लागला तर त्या नळीवर एक किलोमीटरही जाऊ नका. नवी नळी इथेनॉल सोसणारी घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. इंजिनासमोरच्या पत्र्यातून पेट्रोलची लोखंडी नळी जिथे आरपार जाते तिथे रबरी बूच हवं, नाहीतर पत्र्याची धार नळीला घासत राहते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती हाताने हलली तर कार्ब्युरेटर काढून आधी ती पक्की करून घ्या. आणि प्लास्टिकचा पेट्रोल फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डबा) वर लटकवू नका. तो सुटला की पेट्रोल थेट ठिणगीवर गळतं. जुन्या 1600 सीसी इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. ते पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. पेट्रोलची आग तिथवर पोचायच्या आत विझली पाहिजे, म्हणून अग्निशामक गाडीच्या मागे नाही, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.

आता इंजिन कोणतं ते ओळखा, कारण पुढचे आकडे त्यावर ठरतात. उभं पंख्याचं घर आणि त्याच्या डोक्यावर डायनामो किंवा अल्टरनेटर असेल तर ते जुन्या जातीचं, बहुधा 1600 सीसीचं. 1972 च्या मॉडेलपासून काही बसमध्ये 1700, पुढे 1800 आणि 2000 सीसीचं बसकं इंजिन आलं, ज्याचा पंखा थेट क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) टोकावर बसतो. खालचे आकडे उभ्या 1600 चे आहेत.

ऑइल दर 5000 किमीला, त्याहून उशिरा नाही. या इंजिनात कागदी फिल्टर नसतो, फक्त तळाशी जाळी असते, आणि इंजिनाची बरीचशी उष्णता ऑइलच वाहून नेतं. इंजिन कोमट असताना ऑइल सोडा. तळाशी गोल पत्रा आहे, त्यावर सहा टोपीनट, 10 चा पाना. काही पत्र्यांना मधोमध ड्रेन बोल्ट असतो, काहींना नसतो. नसला तर नट काढताच ऑइल अंगावर येतं, हे लक्षात ठेवून परात मोठी घ्या. जाळी काढून पेट्रोलने धुवा आणि तळाशी साचलेला गाळ उजेडात बघा. बारीक चमक थोडीफार असते. पण नखाला लागतील असे धातूचे कण दिसले तर बेअरिंग जाताहेत, आणि इंजिन उघडावंच लागेल.

परत बसवताना दोन पातळ पॅकिंग लागतात, जाळीच्या कडेच्या वर एक आणि खाली एक. टोपीनटांखाली तांब्याचे नवे वायसर. जाळीचं भोक ऑइल ओढणाऱ्या नळीवर घट्ट बसलं पाहिजे, सैल बसलं तर गाळ त्या फटीतून आत जातो. नट फक्त 7 न्यूटन मीटरला आवळा, म्हणजे लहान पाना आणि मनगटाचा जोर. इथे खूप जण फसतात. थोडं गळताना दिसलं की आणखी आवळतात, आणि 6 मिमीचा स्टड मॅग्नेशियमचे आटे घेऊन बाहेर येतो. गळती सहसा वाकलेल्या पत्र्यामुळे असते. पत्रा सपाट लाकडावर ठोकून सरळ करा किंवा नवा घ्या. 2.5 लिटर ऑइल भरा, सपाट जमिनीवर पाच मिनिटं थांबून ऑइल मोजायची काडी बघा आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ नका.

टॅपेटचं काम मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो आणि ते गॅरेजवर सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाळा, म्हणजे फट, 0.15 मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही वाल्वना, आणि इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढा. डायनामोच्या पुलीचा नट 21 च्या पान्याने फिरवत रोटर (आतला फिरता काटा) डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या खाचेसमोर आणा, आणि क्रँक पुलीची टॉप डेड सेंटरची (पिस्टन टोकाला पोचल्याची) खूण केसिंगच्या उभ्या सांध्यासमोर. हा एक नंबरचा सिलिंडर, गाडीच्या तोंडाच्या दिशेने बघितलं तर उजवीकडचा पुढचा. दोन नंबर त्याच्या मागे, तीन डावीकडचा पुढचा, चार त्याच्या मागे. पुलीवर बरोबर समोरच्या बाजूला रंगाचा ठिपका देऊन ठेवा. एक झाला की क्रँक पुली उलटी, घड्याळाच्या विरुद्ध, अर्धा फेरा फिरवा: दोन. पुन्हा अर्धा: तीन. पुन्हा अर्धा: चार. इग्निशनचा क्रम 1-4-3-2 असल्याने उलटं फिरवलं की आकडे ओळीने येतात.

प्रत्येक हेडवर दोन टोकांचे वाल्व एक्झॉस्टचे, मधले दोन इनलेटचे. 13 च्या पान्याने लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, फीलर गेजची (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांचा संच) पाती ओढताना किंचित अडखळली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सरकतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. स्क्रूचं टोक खड्ड्यासारखं झिजलं असेल तर पाती त्या खड्ड्यावरून पूल टाकते आणि खरा गाळा तुम्हाला दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. अशा वेळी स्क्रू बदला.

गाळा वाढला तर टकटक ऐकू येते, त्याचं नुकसान कमी. कमी झाला तर आवाज बंद होतो, आणि नवख्या माणसाला बरं वाटतं. खरा धोका तिथेच आहे. एक्झॉस्ट वाल्व सीटवर पूर्ण बसला नाही तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. वाल्व जळतो किंवा त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या घरात तीन नंबरच्या वाटेतच असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला गरम हवा मिळते. म्हणून प्रत्येक वेळी आठही गाळे, सेट करण्याआधीचे, वहीत लिहा. एकाच वाल्वचा गाळा दर वेळी कमी होत असेल तर तो वाल्व लांबतोय किंवा सीट खाली जातेय. तेव्हा सेटिंग करत बसू नका, हेड उतरवा.

हवेचं तंत्र साधं आहे: थंड हवा वरून आत, गरम हवा खालून बाहेर, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि बॉडीला लागणारं रबर हे त्यासाठीच. आधीच्या मालकाने एखादा पत्रा ‘कशाला हवा’ म्हणून फेकला असेल तर तो शोधून बसवा. प्लगच्या वायरवरची रबरी टोपणंही पत्र्याची भोकं बंद करतात. इंजिनाच्या खोलीत चिंधी विसरलात तर पंखा ती ओढून घेतो.

फॅनबेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण 15 मिमी वाकावा. पुलीचे दोन अर्धे आणि मध्ये पातळ चकत्या असतात; मधली चकती काढली की बेल्ट घट्ट होतो. काढलेली चकती नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे हरवत नाही. चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर लगेच थांबा: बेल्ट तुटला असेल तर पंखाही बंद आहे. जादा बेल्ट आणि 21 चा पाना गाडीत कायम हवा.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) गाळा 0.4 मिमी, प्लगचा 0.6 ते 0.7. आधी पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), कारण पॉइंटचा गाळा बदलला की टायमिंग हलतं. टायमिंगचा आकडा डिस्ट्रिब्युटरवर ठरतो: 009 क्रमांकाच्या डिस्ट्रिब्युटरला टॉप डेड सेंटरच्या साडेसात अंश आधी, तर 1971 ते 73 च्या काही व्हॅक्यूमवाल्यांना पाच अंश नंतर. प्लग थंड इंजिनात काढा आणि परत लावताना जुन्या नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवा; आटा तिरका बसला तर नळीच घसरते आणि ॲल्युमिनियमचं हेड वाचतं.

गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल, जीएल-5 नाही, कारण त्यातली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या कड्या) पितळेला मानवत नाहीत. जुनं सोडण्याआधी भरायचा 17 चा बूच सुटतो का ते बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. पेडल सोडल्यावरही चाक जखडून राहत असेल तर रबरी ब्रेक होज आतून फुगला असण्याची शक्यता मोठी; बाहेरून तो अगदी नीट दिसतो.

शेवटी हीटर. गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून केबिनमध्ये येते. तो गंजून भोक पडलं तर धूरही त्याच वाटेने येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर वर्षी गाडी उचलून त्याच्या सांध्यांवर हातोडीचा मागचा भाग हलकेच वाजवा, पापुद्रे पडले तर हीटरची नळी बंद करून टाका. झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. गॅसच्या शेगडीची प्रत्येक जोडणी साबणाच्या फेसाने तपासा आणि सिलिंडरच्या कपाटाच्या तळाचं भोक उघडं आहे ना ते बघा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.