एक जुडी कमी

आश्विन पौर्णिमा. रात्रीचे पावणेदोन.

गच्चीवरची मंडळी अजून उठलेली नाहीत. मसाला दुधाची वर्गणी घरटी दोनशे. ती दिली, दूधही प्यायले आणि साडेअकराला खाली येऊन आडवी झाले. झोप काही आली नाही. कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहायचीही लाज वाटते.

सकाळी नवं, म्हणजे नव्या पिकाच्या जुड्या, बांधत होते. पुलाखालच्या मावशीकडून सात जुड्या आणल्या, दहाला एक. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, झेंडू, कुरडूचं फूल, आंब्याच्या पानात गुंडाळून वर दोरा. दाराला एक, देव्हाऱ्याला एक, तांदळाच्या डब्याला, शेगडीला, कपाटाला, ह्यांच्या स्कूटरला. सातवी दरवर्षीप्रमाणे माझ्या ऑफिसच्या पर्सला. हे स्टूल धरून उभे होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी एक जुडी कमी आणायची."

बस, एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. दहा रुपये वाचतील हा साधा हिशेब. पण पर्सचा दोरा बांधता बांधता माझा हात थांबला तो थांबलाच.

गावी नवं बांधतात ते जे जे पोटाला घालतं त्याला. नांगर, कोयता, मुसळ, गोठ्याचं दार. मी 1997 साली नोकरीला लागले आणि पहिल्या दिवाळीआधी गावी गेले, तेव्हा आईने माझ्या पर्सला स्वतः जुडी बांधली होती. "ह्यो तुजो नांगर," म्हणाली. मी हसले होते. रेक्झिनची, बंद तुटलेली पर्स होती ती. त्यानंतर किती पर्स झाल्या, जुडी चुकली नाही.

आता मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण, नोकरी संपली. एक जुडी कमी.

बारा वाजता उठून पुन्हा तेच आकडे मांडले. आमचं पेन्शन म्हणजे पीएफवाल्यांच्या नोव्हेंबर 1995 च्या ईपीएस योजनेतलं. पगार कितीही असो, धरायचे जास्तीत जास्त 15,000, आणि सप्टेंबर 2014 च्या आधीच्या वर्षांना तर 6,500. गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. कसंही फिरवा, माझे महिना चार हजार तीनशेच्या आसपास येतात. त्यावर महागाई भत्ता नाही, म्हणजे ऐंशीव्या वर्षीही तेवढेच. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम त्याच दिवशी बंद. दोघांचा नवा विमा विचारला तर वर्षाचे बावन्न हजार सांगितले. म्हणजे वर्षभराचं पेन्शन विम्याला, वर चारशे रुपये माझे! आकडे लिहिणाऱ्या बाईचं आयुष्य आकड्यांनीच असं चिडवावं.

राहिला पीएफ. तो दोनदा काढला, एकदा घराला, एकदा सोनूच्या... जाऊ दे. आई बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात बांधून माळ्यावर ठेवायची. श्रावणात कणगी खडखडायची, दुकानातून उधारीचा तांदूळ यायचा, पण त्या मुड्याकडे कुणी मान वर करून बघायचं नाही. जे उरलंय ते ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकलं तर लाखाला तीन महिन्यांनी 2,050. बघू.

आजची पौर्णिमा खरं तर त्या उधारीच्या शेवटाची. कोजागिरी म्हणून दूध आटवणं शहरात आलं की गावातून गेलं कोण जाणे, आमच्याकडे हिला नव्याची पौर्णिमाच म्हणत. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालेलं असे. वैदिक काळापासूनची रीत आहे ही. आग्रयण म्हणत त्याला. शरदात भाताचं, वसंतात जवाचं. नवं धान्य आधी इंद्र-अग्नीला, विश्वेदेवांना, द्यावापृथिवीला, मग आपल्या ताटात. म्हणजे सण पिकाचा, पण खरा आनंद भूक सरल्याचा. आई चार लोंब्या हातावर चोळून तेवढेच दाणे कांडायची आणि जुन्या भातात मिसळायची. नुसतं नवं पोटाला बाधतं, म्हणायची. शिवाय चिकट होतं.

आणि मध्यरात्री लक्ष्मी फिरते, को जागर्ति विचारत. जागा असेल त्याला धन. व्रतकथेतला मगधातला दरिद्री ब्राह्मण बायकोशी भांडून रानात जातो, आणि जागरणाला चौथा भिडू हवा म्हणून नागकन्या त्याला फासे खेळायला बसवतात. जवळ पणाला लावायलाही धड काही नाही. तरी लक्ष्मी त्यालाच पावते. शास्त्रात म्हणे या रात्री जुगार सांगितलाच आहे. ऑफिसातला शेअर बाजारवाला हे ऐकेल तर उद्या डोकं उठवेल.

मी जागी आहे, बाई. गेले पाच महिने रोज असते, पौर्णिमा असो नसो. माझं जागरण धरायचं ठरवलं तर तुझाच ताळेबंद बिघडेल.

हे लिहिताना हसू आलं, आणि हसल्यावर लक्षात आलं की मला पैशांपेक्षा ती जुडीच जास्त लागली आहे. चार हजार तीनशेशी मी भांडेन. डबा माझाच, रिक्षा सोडून चालत जाईन, एसटीचं तिकीट तर आता बायकांना अर्धंच आहे. पण एकोणतीस वर्षं ज्याला नवं बांधलं ते एक दिवस नुसती पर्स होणार, हे माझ्या आधी ह्यांनी मोजलं. तेही स्टूल धरून.

आणि ह्यांचं स्वतःचं? गिऱ्हाईक बंद झाल्यापासून स्कूटर महिन्यातून दोनदा निघते. तिला जुडी कशाला बांधतो आपण, हे मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

लायब्ररीचं कार्ड शोधायला आत्ता पर्स उघडली. लोंबी आतल्या कप्प्यात गळली होती. दाणे वेचले, अकरा निघाले. एक तोंडात टाकला, टरफलासकट. दहा तांदळाच्या डब्यात टाकले, कालच्याच जुन्या तांदळात. सकाळी भात लावताना टरफलं दिसतील, हे विचारतील.