त्रेचाळीस नावं, सेहेचाळीस कप

८ जुलै २०२४, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकलचे बारा वाजलेले. मूल्यमापनाचा पहिला दिवस आणि मी ठाण्याहून निघून दुपारी अडीचला पोचले, तेही सलवार पोटरीपर्यंत दुमडून. आज कोणी भेटणार नाही, फक्त कागद घेऊन परत यावं लागणार असं धरूनच चालले होते.

तर आत सगळे हजर. मध्य मुंबईतल्या एका ख्रिस्ती संस्थेचा हा पुरुषांसाठीचा रात्रनिवारा, अठ्ठेचाळीस पलंग. कागदावर तो सकाळी सात ते संध्याकाळी सहा बंद असतो. आज दुपारी तिथं चार कोपऱ्यांत पत्ते चालू होते, एक म्हातारेबुवा खिडकीशी बसून चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवत होते आणि दोरीवर इतके कपडे वाळत होते की मला वाकून जावं लागलं.

वॉर्डनकाका नगरकडचे, साठीचे. "सलाम, ताई," म्हणाले. तिकडच्या ख्रिस्ती घरांतली ही रीत मला शाळेतल्या मैत्रिणीमुळे ठाऊक, म्हणून मीही "सलाम" म्हटलं, तर माणूस एकदम सैल झाला. चहा आला. मग हळूच म्हणाले, "सकाळी कुणाला बाहेर काढलं नाही मी. असल्या पावसात कुठं घालवायचं? पण तेवढं रिपोर्टात घेऊ नका."

सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगून ठेवलंय की शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा हवा. म्हणजे काकांनी आज केलं ते बरोबर आणि संस्थेची नियमावली चूक. आणि तरी गुन्हा केल्यासारखे तेच बोलत होते. मी वही मिटली. घ्यायचं की नाही, ते नंतर बघू.

९ जुलै

टेप घेऊन हॉल मोजला. साठ फूट बाय तीस. सरकारी योजनेत माणशी किमान पन्नास चौरस फूट धरलेत, त्या हिशेबानं इथं छत्तीस माणसं मावतात. ही संस्था सरकारी पैसा घेत नाही, तेव्हा तो निकष तिला कायद्यानं चिकटत नाही. पण मोजायला दुसरी पट्टी माझ्याकडे नाही.

दुमजली लोखंडी पलंग, दोन पलंगांमध्ये माणूस आडवा होऊनच जाईल एवढी फट. ढेकूण आहेत. (विचारावं लागलं नाही. कॉटवर बसले आणि कळलं.) चार संडास, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, तिथं सुतळी. पाणी मात्र भरपूर आणि स्वच्छ.

निकष पाळा असं लिहिलं तर बारा पलंग कमी होतील. जुलै महिन्यात बारा माणसं रस्त्यावर. हे मी लिहिणार आहे का? नाही. पण लिहिलं नाही तर पुढच्या वेळी अठ्ठेचाळीसचे साठ करताना त्यांना कोण अडवणार?

११ जुलै

आज ज्याच्यासाठी मला खरं तर बोलावलंय तो विषय. देणगीदारांपैकी एकानं पत्रात विचारलं होतं, प्रार्थनेची सक्ती होते का. मीही मनात तीच शंका घेऊन आले होते, खोटं कशाला बोलू. आडनाव, जानवं, घरातले किस्से, सगळं माझ्याही डोक्यात बसलेलं आहे.

साडेसातला प्रार्थना. ढोलकी, झांज, पेटी. चाली ऐकून डोळे मिटले तर एखाद्या देवळात भजनाला बसल्यासारखं वाटेल. रेव्हरंड टिळकांपासूनची ही मराठी परंपरा, त्यात नवल नाही. दहा मिनिटं बोलणं. मग पंगत. यायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. पण जेवण त्याच हॉलमध्ये, प्रार्थनेनंतर, आणि बाहेर धो धो पाऊस. मग यायचं नसेल त्यानं बसायचं कुठं? जिन्यात. आज जिन्यात दोघं होते, एक बिडी ओढत, एक मोबाईलवर क्रिकेट बघत. जेवायला दोघंही आले आणि त्यांना इतरांइतकंच वाढलं, हेही पाहिलं.

त्यातल्या बिडीवाल्याला विचारलं, प्रार्थना झाल्यावरच जेवण, हे पटतं का? तो परभणीकडचा. म्हणाला, "आमच्याकडं सप्त्यात कीर्तन झाल्याबिगर पंगत बसती का?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. सप्त्याला तो आपल्या पायानं जातो, तिथून उठून घरी जाता येतं. इथं उठून जायला घर नाही. फरक तेवढाच आहे, पण आहे.

झोपताना पंडिता रमाबाईंचं शारदासदन आठवत होतं. १८८९मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं आणि १८९३मध्ये वादाचा भडका उडाला. मुली बाईंच्या प्रार्थनेत बसतात म्हणून. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीनं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही. सव्वाशेच्या वर वर्षं झाली आणि मी अजून त्याच दारात उभी राहून माणसं मोजतेय. त्या मुलींना सदन सोडल्यावर काय मिळालं, हे कुणी मोजलं होतं का?

शिफारस सोपी आहे: जेवण आधी, प्रार्थना नंतर. ज्याला बसायचंय तो बसेल. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग आठवडाभर पेटीवाला आणि मी, दोघंच." आणि हसले. माणूस प्रामाणिक आहे.

१३ जुलै, शनिवार

दिवसभर रजिस्टर. जूनची सरासरी रोज चव्वेचाळीस, म्हणजे जवळपास ९२ टक्के पलंग भरलेले. अहवालात हा आकडा ठळक छापतात. पण नावं मोजली तर महिनाभरात माणसं आली एकसष्ट. त्यातली सदतीस तिसच्या तीस रात्री. उरलेले चोवीस जण येऊन-जाऊन, सरासरी नऊ रात्रीसुद्धा नाहीत. म्हणजे हा रात्रनिवारा कमी आणि वसतिगृह जास्त. सदतीस जणांना विचारलं तर यात वाईट काही नाही. कित्येकांचं आधार कार्ड याच पत्त्यावर निघालंय, बँकेत खातं आहे, आणि मुख्य म्हणजे कुलपाचं कपाट आहे. एकानं आपलं उघडून दाखवलं: प्लास्टिकच्या फाईलमध्ये मतदान कार्ड, टीबीच्या उपचाराचे जुने कागद, मुलीचा पहिलीतला फोटो, आणि न वापरलेला इस्त्रीचा शर्ट. "पलंग गेला तरी चालेल, ताई. हे गेलं तर मी कोण?"

दुसरा ठळक आकडा: वर्षात 'पुनर्वसन' एकोणीस. यादी मागितली. बारांच्या पुढे शेरा, 'गावी गेला'. फोन नंबर अकरांचेच. लागले चार. एक खरंच सुरतेला सेक्युरिटीत आहे, त्याला फार आनंद झाला, काकांना सलाम सांगा म्हणाला. दोघांनी कोण बोलतंय कळल्यावर ठेवून दिला. चौथा, ज्याच्यापुढे 'गावी गेला', त्याच्या मागून गाड्यांचे हॉर्न. गावी आहात ना? "पुलाखाली आहे ताई. गावी गेलो होतो. आठ दिवस."

१५ जुलै

रात्री अकरानंतर त्याच पुलाखाली. दोन विद्यार्थी सोबत होते, एकटी गेले नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले होते, आणि न्यायालयाच्या हिशेबानं एक कोटी चोवीस लाखांना सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. इथून आमचा निवारा पायी सात मिनिटं. मग ही माणसं इथं का?

निळ्या ताडपत्रीखाली गजरे ओवणारी बाई, नवरा शेजारी झोपलेला. "तिथं पुरुषांनाच घेत्यात. मी कुठं जाऊ? पोरं कुणाकडं ठेवू?" एवढं बोलून तिनं सुईत पुन्हा दोरा ओवला. विषय संपला. कुटुंबासाठी काही नाही, हे नियोजनातच नाही, त्यावर पानभर लिहीन.

पुढं पाच-सहा पुरुष, कोणी नुकता आलेला, अंगाला मसाल्याचा वास. हॉटेलात मोरीवर. साडेबाराला सुटतात. एकाला पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात हमालीला जायचं असतं. निवाऱ्याचं फाटक नऊला बंद, सहाला उघडतं. ज्याला काम आहे त्याला हा निवारा चालत नाही, आणि संस्थेच्या उद्दिष्टांत पहिलंच वाक्य 'कष्टकरी बेघरांसाठी'! मी नऊच्या फाटकाचं बोलत होते तेव्हा मोरीवाल्यांतला एक उंच पोरगा, कपाळावर भाजल्याचा डाग, दुसऱ्याकडे बघून हसला. मला वाटलं, मला हसतोय.

१७ जुलै, आषाढी

काल रात्री निवाऱ्यातच राहिले, ऑफिसच्या बाकावर. काकूंनी आज उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करायची म्हणून रात्रीच साबुदाणा भिजत घातला होता. पंधरा जणांचा उपास. चर्चच्या पैशातून एकादशी! ते पत्र लिहिणाऱ्या देणगीदाराला कळवावं का, असा चावटपणा मनात आला.

सहाला चहा. रात्री रजिस्टरात त्रेचाळीस नावं मीच मोजली होती. सवयीनं कपही मोजले. सेहेचाळीस. काका-काकूंचे स्टीलचे पेले वेगळे. पुन्हा मोजले, कारण वीस वर्षांत मला वाढवलेले आकडे पुष्कळ भेटले, कमी करून लिहिलेले कधी नाहीत. मग कठड्याशी फुर्र फुर्र चहा पिणारा उंच पोरगा दिसला. कपाळावर डाग. या वेळी तो हसला नाही, कप घेऊन आत गेला.

काकांनी फार ताणलं नाही. मागच्या गल्लीत स्वयंपाकघराचं दार आहे. एक वाजता तीन टकटक. "पलंग रिकामे असतात आणि पोरं भिजतात, ताई. नऊनंतर कुणाला घेतलं तर ट्रस्ट मला काढील. म्हणून नावं लिहीत नाही." किती वर्षं? "बरीच."

रात्री काही झालं, कुणी मेलं, मारामारी झाली, तर रजिस्टरात नसलेल्या माणसाचं काय, हे मी विचारलं. विचारणं भाग होतं. ते गप्प बसले. मग खिचडी घ्या म्हणाले.

२२ जुलै

अहवाल काल पाठवला. सरासरी उपस्थिती चव्वेचाळीस, रजिस्टरप्रमाणे. स्वयंपाकघराच्या दाराचा उल्लेख नाही. शिफारशी: फाटक रात्री दीडपर्यंत, रात्रपाळीला एक जादा माणूस, दिवसाही हॉल उघडा, आधी जेवण, 'गावी गेला' हे पुनर्वसनात धरू नये, पलंग वाढवू नयेत, ढेकूण, कडी.

आज ट्रस्टींचा फोन. अत्यंत सभ्य माणूस, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. अहवाल आवडला म्हणाले. जेवणाचं मान्य. कडीचं तर लगेच. "पण फाटकाचं पटलं नाही, बाई. जादा पगार कशासाठी? तुमच्याच आकड्याप्रमाणे रोज चार पलंग रिकामे राहतात. उशिरा उघडं ठेवून येणार कोण?"

उद्या कळवते म्हटलं. काकांना विचारल्याशिवाय मला याचं उत्तर देता येत नाही.