तुम्ही विचारलंत म्हणून: वाटीतलं रोज कुणाला सांगते?

"ज्यांना उभ्या जन्मात पाहिलं नाहीस, त्यांना रोज संध्याकाळी कुठलं सूप केलंस ते काय कळवतेस?" वहिनी विचारते, समोरच्या दारातल्या मावशी विचारतात, परवा तर मुलानेही विचारलं. दरवेळी मी विषय बदलते. आज सांगते.

आम्ही अकरा जणी. 2020च्या टाळेबंदीत मोबाइलवर जमलो. कपडे वाळले का, गुडघा कसा आहे, रात्री पातळ काय केलं. कुणाचं दुधीचं सूप, कुणाचं आमसुलाचं सार. माझं बहुतेकदा शेवग्याच्या शेंगांचं: कुकरला दोन शिट्ट्या, चमच्याने गर खरवडायचा, गाळायचा, वरून तुपात जिरं-मिरं. जांभळी नाक्यावर शेंगा कितीला मिळाल्या तेही सांगायचं. यात मोठं काय आहे? काहीच नाही. मोठं काही असतं तर तुम्हालाच सांगितलं असतं.

सोलापूरच्या एक ताई होत्या. मी कुळीथ म्हणायचे, त्या हुलगे. धान्य एकच, पण वाद महिनाभर चालला. त्यांचा फोटो साडेसातला यायचा. स्टीलची वाटी, काठाला पोचा, कोपऱ्यात त्यांचा अंगठा, नखात हळद. चेहरा कधी पाहिला नाही, पण तो अंगठा मी ठाणे स्टेशनच्या गर्दीतही ओळखला असता.

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी फोटो आला नाही. वाटलं, लाइट गेले असतील. मी माझ्या बिटाच्या सुपाचा फोटो टाकला नि झोपले. बुधवारीही नाही. गुरुवारी "ताई, कुठे आहात?" एवढं लिहिलं. नंबर होता, तरी फोन केला नाही. आपण कोण त्यांच्या घरी फोन करणारे, असं वाटलं. सतराव्या दिवशी त्यांच्या सुनेने त्यांच्याच फोनवरून कळवलं. मंगळवारी पहाटेच गेल्या होत्या. तेरावंही होऊन गेलं होतं. मी ओट्यापाशी तशीच उभी. कुकरची दुसरी शिट्टी झाली, चौथी झाली, शेंगांचा पार लगदा झाला. वहिनी आलेली होती. म्हणाली, "अगं, रडतेस काय? कोण लागत होत्या तुझ्या?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. पूर्वीची मी असते तर मीही हेच विचारलं असतं. ताटांचे फोटो टाकणाऱ्यांना मी रिकामटेकड्या म्हणायचे. वहिनीचं एक म्हणणं मला आजही खोडता येत नाही: समोरच्या मावशी रात्री काय जेवतात, ते मला ठाऊक नाही. पण "का सांगतेस" असं तुम्ही सगळे विचारता. "आज काय केलंस" असं तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंत?

परवा त्यांचं हुलग्याचं माडगं केलं. हुलगे भाजून दळून आणले, आधणात पीठ सोडलं, गूळ, सुंठ. गुठळ्या झाल्या. फोटो तसाच टाकला. नागपूरहून लगेच आलं, "पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं."

ताईंनी मला हे दोनदा सांगितलं होतं.