दोन सुतांची फट

दुपारचे चार वाजले की आमच्या मागच्या भिंतीवरची साइडिंग, म्हणजे बाहेरून चढवलेलं प्लॅस्टिकच्या लांब आडव्या पट्ट्यांचं (पॅनेलचं) आवरण, पापडासारखी फुगायची. सकाळी पाहावं तर पुन्हा जवळपास सपाट. हे जूनमध्ये सुरू झालं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं घर, पश्चिमेची भिंत आणि गडद निळी व्हिनाइल साइडिंग. नाताळच्या सुट्टीत ती मीच बसवली होती. जुने पॅनेल उतरवण्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत चार दिवसांत काम झालं आणि कोपऱ्यांत पॅनेल इतके चपखल बसले की मधे पोस्टकार्डही गेलं नसतं. मला त्याचा फार अभिमान होता.

कंपनीकडे वॉरंटीची तक्रार केली. पुढचे सात आठवडे आठवले की अजून डोकं तापतं. आधी भिंतीचे फोटो मागितले, मग खोक्यावरच्या लेबलचा, मग तेच फोटो पुन्हा, भर उन्हात काढलेले. एकदा फोनवर सांगण्यात आलं की शेजारच्या घराच्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप दिलेल्या) काचेवरून ऊन परावर्तित होऊन तुमच्या भिंतीवर पडत असेल. असं होतं हे खरं आहे, अशा एकवटलेल्या उन्हानं व्हिनाइल मऊ पडून वाकडं होतं. म्हणून दोन शनिवार-रविवार मी अंगणात खुर्ची टाकून कवडसा शोधत बसलो. कवडसा आलाच नाही. आणि तसं वितळून वाकलेलं पॅनेल रात्रीत सपाट होत नाही, एवढं तर त्यांना ठाऊक असायला हवं होतं! ऑगस्टमध्ये दोन ओळींचं उत्तर आलं: बसवण्यातली चूक, वॉरंटी लागू नाही. कोणती चूक, त्याबद्दल अक्षर नाही. ‘कडेला फट किती ठेवलीत?’ हा एक प्रश्न पहिल्या फोनवर विचारला असता तर माझा उन्हाळा वाचला असता.

चूक माझी होती, हे मान्यच आहे. साडेबारा फुटांचं पॅनेल कडक थंडीपासून कडक उन्हापर्यंत अर्धा इंच, कधी त्याहून जास्तही लांबतं. दोन्ही टोकं कोपऱ्यात टेकलेली असली की त्या अर्ध्या इंचाला बाहेर फुगण्यावाचून वाट नाही. म्हणून प्रत्येक टोकाला पाव इंच मोकळं सोडायचं, आणि ४० अंश फॅरनहाइटच्या खालच्या थंडीत काम करत असाल तर ३/८ इंच. थंडीत पॅनेल आधीच आखडलेलं असतं, पुढे ते वाढणारच. मी तर डिसेंबरात एकही फट ठेवली नव्हती.

मिरजेला बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “म्हणजे दोन सूत, थंडीत तीन सूत. अरे, दारालासुद्धा सुतार पावसाळ्याचा हिशेब धरूनच फट ठेवतो.” मी दहा लेख वाचले होते, पण माप डोक्यात बसलं ते त्या वाक्यानं.

सप्टेंबरात एकेक ओळ सोडवली. झिप टूल नावाचं आकड्यासारखं छोटं हत्यार मिळतं, ते वरच्या पॅनेलच्या खालच्या कडेत अडकवून खाली ओढत सरकवलं की दोन पॅनेल एकमेकांत अडकवणारं कुलूप सुटतं. पॅनेल न तोडता काढायचं असेल तर ते घ्याच. कापताना दातेरी पातं बारीक दातांचं घेऊन सर्क्युलर सॉमध्ये उलटं बसवायचं आणि हात सावकाश चालवायचा, नाहीतर कडा तडकतात. पत्रा कापायच्या कात्रीनंही जमतं, फक्त प्रत्येक वेळी पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत. रेघ गुण्यानं (सुताराच्या काटकोनानं) मारा. आणि कापायचं ते कोपऱ्याकडचं टोक. मधल्या जोडावरची, कारखान्यातून कापून आलेली खाच तशीच राहू द्या, तिथे इंचभर एकावर एक चढ लागतो.

खिडकीनं मला सर्वांत छळलं. तिच्याखाली पॅनेलला जी चौकोनी खाच काढतो, तिलाही डाव्या-उजव्या बाजूला आणि खाली पाव-पाव इंच लागतो. मी फक्त कोपरे कापले आणि फुगवटा सरकून बरोबर खिडकीखाली आला. तीन ओळी पुन्हा उतरवाव्या लागल्या.

खिळ्यांचं आधीच सांगायला हवं होतं. मी ते गच्च ठोकले होते. नुसत्या कडा कापून उपयोग नाही, पॅनेल खिळ्यांवर टांगलेलं हवं. खिळा पॅनेलच्या वरच्या पट्टीतल्या लांबट भोकाच्या मधोमध, आणि डोक्याखाली डाइमच्या (दहा सेंटच्या) नाण्याच्या जाडीएवढी जागा. गच्च खिळे काढताना माझ्या दोन पॅनेलची ही पट्टी फाटली, तेव्हा जपून. प्रत्येक पॅनेल बसवल्यावर हातानं डावीउजवीकडे सरकवून पाहा. सरकलं नाही तर पुढची ओळ लावू नका.

फट बाहेरून दिसेल ही माझी भीती होती. ती दिसत नाही, कॉर्नर पोस्टच्या (कोपऱ्यातल्या उभ्या पट्टीच्या) खाचेत लपते.

शेवटच्या दिवशी, चांगलं ऊन असताना, कॉर्नर पोस्टच्या कडेला लागून एका पॅनेलवर पेन्सिलनं बारीक रेघ मारून ठेवली होती. जानेवारीत बर्फ पडल्यावर मोजपट्टी लावली. रेघ पोस्टपासून सूतभर बाहेर आली होती. बाबांना फोटो पाठवला.