रक्त वाढंना

"चप्पल घालून भांगलण कशी व्हायची ओ? वल्या रानात तिथंच रुतून बसती."

रानात तण काढताना चप्पल का घालत नाही, असं डॉक्टरांनी विचारल्यावर वाळव्याकडच्या एक मावशी आज अगदी सहज म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढंना म्हणून आलेल्या. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमी या जंताची अंडी सापडली.

"जंत? ते पोरांना होत्यात!" मावशी हसायलाच लागल्या. वर, मी गोड खातच नाही म्हणाल्या. (गोडानं जंत होतात हे आपल्याकडं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात.)

हे जंत शिरतात ते बहुधा अनवाणी तळव्यातून. उघड्यावरच्या शौचातली अंडी ओल्या मातीत फुटतात. अळी कातडीतून रक्तात, तिथून फुप्फुसात, मग घशातून गिळली जाऊन आतड्यात. तिथं मोठी होऊन चिकटते आणि रक्त पीत बसते, कधी कधी वर्षानुवर्षं.

औषध साधंच, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते, पण १ ते १९ वयापर्यंतच. मावशींची नातवंडं दरवर्षी खातात म्हणे.

पन्नाशीतल्या बाईला त्या गोळीची आठवण कुणी करून द्यायची?